स्तामेनाची भट्टी आणि अक्काची कणीक

स्तामेना गेल्याची बातमी बुकोविक गावाला चर्चच्या घंटेने सकाळी सकाळी सांगितली. लोकांनी टोप्या काढल्या, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "देव तिच्या आत्म्याला शांती देवो!" पुढचं वाक्य कुणी मोठ्याने बोललं नाही, पण ते प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ठळक वाचता येत होतं : "आता राकिया कोण गाळणार?"

माती झाल्यावर लोक घरी आले. दुःखाच्या घरी राकिया, म्हणजे आलुबुखाराची घरगुती दारू, प्यायची, पहिले थेंब मयताच्या नावाने जमिनीवर सांडायचे आणि पेल्याला पेला लावायचा नाही, हा तिथला रिवाज. आणि बुकोविकचे लोक रिवाजाला पक्के! ते इतक्या आदराने प्यायले, इतक्या आदराने प्यायले की तिचा नवरा वितोमिर कोठारात रिकामा जग घेऊन गेला आणि त्याने पिंप वाकडं केलं, तर आतून नुसती हवा आली.

शेजारचा ओब्राद दारात उभाच होता. जिथे राकियाचं पिंप वाकडं होतं, तिथे ओब्राद दारात उभा असतोच.

"संपली?" ओब्रादने विचारलं.

"संपली."

"सगळी?"

"सगळी."

ओब्रादने टोपी काढली. सकाळपासून ती त्याने दुसऱ्यांदा काढली. अंगणात बातमी पोचली तेव्हा जी शांतता पसरली, तशी शांतता थडग्यापाशीही पसरली नव्हती. स्तामेना खरोखरच गेली, हे गावाला त्या क्षणी कळलं.

मंडळी, ही बाई काय होती ते आधी सांगायला हवं. त्या भागात भट्टीपाशी पुरुष उभे राहतात. बायका कोबी खारवतात, मिरच्यांची चटणी आटवतात, पण भट्टीचं नाव काढत नाहीत. स्तामेनाच्या बापाला चार मुलगे होते आणि चौघांनाही मिळून एक नाक नव्हतं! सर्दी झालेल्या बैलासारखे चौघे. नाक होतं ते या पोरीला. लग्न होऊन आली ती बापाची तांब्याची भट्टी गाडीत घालूनच आली. गाव आधी हसलं. मग गावाने चव घेतली. मग गाव हसायचं थांबलं आणि रांगेत उभं राहिलं.

तळहातावर दोन थेंब घ्यायची, चोळायची, नाकाशी धरायची आणि सांगायची, "हे आलुबुखार ओढ्याकाठच्या झाडाचे आहेत. आणि यांतले काही कुणीतरी कच्चेच तोडलेत." तोडणारा वितोमिरच असायचा. तो मान खाली घालायचा. बाटली हलवून वर येणारे बुडबुडे बघायची आणि धार कधी तोडायची ते ठरवायची. पहिली धार ती बाजूला काढायची. "ही गुडघ्यांना चोळायची, घशात घालायची नाही," म्हणायची. मधली धार म्हणजे राकिया! ती घशातून अशी उतरायची, जणू कुणी शिष्टाचार शिकलेला पाहुणा पाय पुसून घरात येतोय.

या सगळ्यात वितोमिरचं काम काय? लाकडं! स्तामेनाने पहिल्याच हंगामात वाटणी करून टाकली होती. "लाकडं तुझी, नाक माझं." वितोमिर बीच झाडाची लाकडं फोडायचा, रचायचा, भट्टीखाली सारायचा. या कामात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

आणि हाच वितोमिर पुढच्या उन्हाळ्यात, झाडांवरचे आलुबुखार निळे पडायला लागले तेव्हा, चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "वर्षाच्या स्मरणाला स्तामेनाच्या थडग्यावर जी राकिया जाईल, ती मी स्वतः गाळीन!"

झालं असं की, ओब्रादने चांगल्या मनानेच विषय काढला होता.

"वितो, स्मरणाला राकिया लागेल. माझी घे. दोन मोठ्या बाटल्या काढून ठेवतो."

आता, ओब्रादच्या राकियाबद्दल स्तामेनाचं मत सगळ्या गावाला ठाऊक होतं. "गुरांचे खूर धुवायला उत्तम. फक्त गुराला आधी विचारून घ्या." ती राकिया तिच्याच डोक्यावर ओतायची? वितोमिरच्या डोळ्यांसमोर आलं, की माती हलतेय, स्तामेना कोपरावर उठून बसलीय आणि म्हणतेय, "वितो, हे काय आहे?"

"नको!" तो एकदम ओरडला. "तिच्या झाडांची, तिच्या भट्टीतली, मी गाळलेली! आयुष्यभर बघतोय की मी! त्यात आहे काय एवढं? आलुबुखार, आग आणि पाणी!"

"आणि स्तामेना," ओब्राद म्हणाला.

"बघशील तू!"

"बघायला येणारच आहे," ओब्राद म्हणाला. "भट्टीवर आणि लग्नाला बोलावणं लागत नाही."

वितोमिरने झाडं हलवली, फळं वेचली, दोन पिंपं भरली आणि आंबायला ठेवली. आणि तेव्हा त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपण आयुष्यभर बघितलं ते लाकडांकडे. भट्टीकडे आपली कायम पाठ होती!

आंबवण तयार झालं हे कसं ओळखायचं? स्तामेना पिंपाला कान लावायची, एवढं त्याला आठवत होतं. त्यानेही कान लावला. आत खुडबुड चालली होती, बुडबुड चालली होती, जणू दोन म्हाताऱ्या कुणाची तरी निंदा करताहेत. ऐकता ऐकता त्याला बरं वाटलं. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटलं. मग तो रोज तिथे जाऊन बसायला लागला, आणि पिंपाला टेकून बरेचदा झोपूनही जायला लागला. आंबवण गप्प झालं, आतला गर तळाशी बसला, तरी वितोमिरची बसायची सवय काही सुटेना. भट्टी आज लावू, उद्या लावू करता करता पानं गळाली, आणि स्मरण अगदी दुसऱ्या दिवसावर आलं!

त्या दिवशी सकाळी स्तामेनाची थोरली बहीण कोसारा शेजारच्या गावाहून आली. पाठीवर पिठाची पिशवी, हातात स्मरणासाठी उकडायच्या गव्हाचं भांडं आणि तोंडात प्रश्न.

"राकिया कुठाय?"

"आज गाळतोय, अक्का."

"आज? अरे, उद्या माणसं येणार! स्तामेना असती तर तुला त्या पिंपातच बुडवलं असतं!"

"स्तामेना असती तर स्मरण कशाला असतं, अक्का?"

कोसाराने पिशवी आपटली आणि चूल ताब्यात घेतली. ही कोसारा बहिणीच्या अगदी उलट. जन्मात राकियाच्या थेंबाला शिवली नव्हती आणि हे ती भेटेल त्याला सांगायची. पण पाव! तिच्या हातचा पाव म्हणजे मरायला टेकलेला माणूससुद्धा उठून बसेल आणि लोणी मागेल. स्मरणाचा गोल पाव तीच करणार होती. वर वेणी, मध्ये चर्चचा शिक्का.

वितोमिरने भट्टी गरम पाण्याने आणि राखेने घासली. आंबवण ओतलं. वर तांब्याचं टोपण ठेवलं. टोपणाची नळी गार पाण्याच्या पिंपातून पार केली. नळीच्या तोंडाखाली स्तामेनाचा पोचा पडलेला पत्र्याचा पेला ठेवला. आणि मग त्याला आठवलं की टोपणाच्या फटी लिंपायला कणीक लागते! नाहीतर वाफ फटीतून बाहेर, आणि आपण बघत बसायचं.

कणीक कशाची असते? हे त्याला ठाऊक नव्हतं. कणीक मळायच्या वेळेला तो नेहमी लाकडांपाशी असायचा. राय नावाच्या काळ्या धान्याचं पीठ आणि चुलीतली राख, एवढाच तो गोळा. फुगायचं नाव काढत नाही. वितोमिर स्वयंपाकघरात आला. कोसारा गहू घेऊन चर्चमध्ये गेली होती. आणि चुलीच्या कडेला, उबेला, लाकडी काथवटीत, पांढऱ्या फडक्याखाली काय होतं? कणीक! पांढरीशुभ्र, मऊ, लहान बाळाच्या गालासारखी!

वितोमिरच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय ही अक्का! जन्मभर राकियाला शिव्या दिल्या, पण माझी अडचण न सांगता ओळखली! बहीण ती बहीणच!"

त्याने सगळी काथवट उचलली. स्तामेना फटीत बोटभर कणीक लावायची हे त्याला आठवलं. पण ती काटकसरी बाई. उद्याच्या दिवसासाठी कंजुषी कशाला? त्याने जाडजूड वळकटी केली आणि भट्टीच्या गळ्याभोवती मफलरासारखी गुंडाळली. उरली ती वरून थापली. मग खाली बसला आणि त्याला जे येत होतं ते त्याने केलं.

आग! काय आग लावली त्याने! बीचचे ओंडके असे रचले की धूर सरळ काठीसारखा वर गेला. स्तामेना मंद आगीवर गाळायची, "घाई कसायाला असते," म्हणायची. पण वितोमिरला उद्याची घाई होती. ज्वाळा भट्टीच्या पोटाला वेढून थेट गळ्यापर्यंत चढल्या.

धूर दिसताच ओब्राद आला. सोबत निखाऱ्यावर भाजायला डुकराचं मीठ लावलेलं मांस आणि पिशवीभर मिरच्या. त्याच्या मागून आणखी पाच-सहाजण आले, कारण स्तामेनाच्या भट्टीचा धूर वर्षभरात कुणी पाहिला नव्हता. लोक ओंडक्यांवर बसले, खिशातून आपापले पेले काढले आणि नळीच्या तोंडाकडे बघायला लागले.

"धार कधी?" एकाने विचारलं.

"येईल."

"नळी बरोबर लावलीयस ना?"

"येईल म्हटलं ना!"

ओब्राद मांस परतत होता. परतता परतता त्याचा हात थांबला.

"वितो, तुझी भट्टी फुगतेय."

"तांबं फुगत नसतं."

"मग तिच्या गळ्याला काय झालंय? गालगुंड?"

वितोमिरने वर पाहिलं. मफलर जागा झाला होता! सकाळी मनगटाएवढी असलेली वळकटी आता मांडीएवढी झाली होती, आणि त्याच्या डोळ्यांदेखत श्वास घेत होती. भट्टी हिवाळ्यातली केसाळ टोपी घातल्यासारखी दिसत होती, आणि टोपी कानांवर उतरत होती.

"हे... हे असंच असतं," वितोमिर म्हणाला.

"स्तामेनाच्या वेळी नव्हतं असं."

"ती बोटभर लावायची. मी भरपूर लावलीय!"

"दिसतंय!"

आता सल्ले सुरू झाले. बुकोविकमध्ये भट्टीपाशी बसलेल्या माणसाला तीन हक्क असतात : प्यायचं, खायचं आणि सल्ला द्यायचा. प्यायला नसेल तर तो तिसरा हक्क तिप्पट वापरतो.

"ओलं फडकं गुंडाळ!"

फडकं गुंडाळलं. फडक्याला वाफ आली, मग भोकं पडली.

"वरून दगड ठेव!"

दगड ठेवला. कणकेने दगड हळूच उचलला आणि बाजूला टाकला.

"बांध रे! काहीतरी बांध!"

दोरी शोधायला वेळ कुणाला? ओब्रादने कमरेचा पट्टा सोडला आणि दोघांनी मिळून तो कणकेभोवती आवळला. पट्टा मोठा ऐतिहासिक होता. ओब्रादने तो सैन्यातून आणला होता आणि त्याचं पितळी बक्कल बशीएवढं होतं. क्षणभर वाटलं, जिंकलो! मग कणीक पट्ट्याच्या वरून बाहेर आली आणि पट्ट्याच्या खालून बाहेर आली. लग्नात जेवून उठलेल्या सरपंचासारखी दिसायला लागली. ओब्राद एका हाताने विजार धरून उभा होता, आणि तो हात त्याला पुढे दिवसभर मोकळा मिळाला नाही.

"थेंब आला का?" तो ओरडला.

वितोमिर गुडघ्यांवर बसला. नळीच्या तोंडाशी डोळा लावला. बोट घातलं. बोट कोरडं!

"नाही."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

 भट्टीतून आवाज येत होता, पिंपातलं पाणी गार होतं, आग पोटभर होती, आणि नळी कोरडी ठणठणीत. वितोमिर तो पोचा पडलेला पेला हातात धरून तसाच बसला. उद्या सकाळी माणसं थडग्याभोवती उभी राहतील. पेले पुढे करतील. आणि ओब्रादच्या बाटलीचं बूच निघेल.

आणि तेवढ्यात त्याला वास आला.

आता हे नाक म्हणजे कसलं नाक! जन्मभर धुरात राहिलेलं. जळकं सूप आणि ताजं सूप यांतला फरक त्याला चमचा तोंडात गेल्यावर कळायचा. पण या वासाने तो उठून उभा राहिला. गरम पावाचा वास होता, आणि त्यात आलुबुखार होता, आणि त्याच्याही मागे काहीतरी होतं. हंगाम सुरू झाला की स्तामेनाच्या एप्रनला हा वास यायचा. पाव भाजून ती भट्टीपाशी यायची आणि भट्टीपासून पावापाशी जायची, मग दोन्ही वास तिच्या एप्रनवर एकत्र राहायला यायचे.

त्याने डोळे मिटले. नुसता श्वास घेत उभा राहिला. आणि बाकीचेही, पेले हातात धरून, नाकं वर करून उभे राहिले.

त्या शांततेत स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

"माझी कणीक कुठाय?"

चर्चमधून परतलेली कोसारा अंगणात आली. हातात रिकामी काथवट. तिने वितोमिरकडे पाहिलं. वितोमिरने जमिनीकडे पाहिलं. तिने ओब्रादकडे पाहिलं. ओब्रादने विजार आणखी वर ओढली. मग तिने भट्टीकडे पाहिलं.

"अरे देवा! हे माझ्या बहिणीच्या स्मरणाचं पीठ! त्यात मी तीर्थाचं पाणी घातलं होतं!"

"अक्का, मला वाटलं तू माझ्यासाठीच..."

"तुझ्यासाठी? भट्टीला कुणी खमीर घातलेली कणीक लावतं का रे? खमीर म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुला? चाळीस वर्षं संसार केलास की लाकडांच्या ढिगाशी लग्न लावलं होतंस?"

"लाकडंच माझ्याकडे होती, अक्का," वितोमिर अगदी खरं तेच बोलला.

कोसारा आणखी बरंच बोलणार होती. पण ती भट्टीजवळ गेली, आणि सवयीचा हात कुणाला सुटतो! तिने बोटाच्या पेराने कवचावर टकटक केलं. कान दिला. पुन्हा टकटक केलं. राग चेहऱ्यावर होता तिथेच राहिला, पण आवाज बदलला.

"भाजलाय," ती म्हणाली. "छान भाजलाय. आग काढा रे खालची! करपेल!"

आग ओढली. सुरीने कडेकडेने सोडवत, फुंकर घालत, चौघांनी मिळून तो पाव भट्टीच्या गळ्यातून वर उचलला. अख्खं कडं! बैलगाडीच्या चाकाएवढं, वरून तांबूस, खालून सोनेरी. तांब्याच्या गळ्याशी लागलेल्या आतल्या बाजूने ते ओलसर जांभळं झालं होतं. जी वाफ नळीत जायची ती सगळी त्या कणकेने पिऊन टाकली होती. बुकोविकमधल्या कुणीच एका बैठकीत इतकी प्यायली नव्हती, आणि पिऊन इतका शांतही कुणी बसला नव्हता.

मग कोसाराने राय आणि राखेची खरी कणीक मळून दिली, शिव्या देत देत. टोपण पुन्हा लिंपलं, मंद आग लावली. आता धार आली! सगळे पुढे सरसावले. वितोमिरने पेला धरला, घोट घेतला आणि ओब्रादला दिला. ओब्रादने घोट घेतला. बराच वेळ तोंडात फिरवला. मित्र होता बिचारा.

"वितो," तो म्हणाला, "हे पाणी आहे. पण चांगलं पाणी आहे."

जीव होता तो सगळा पावात गेला होता.

दुपार कलली तशी लोक निघून गेले आणि पाद्री गाव्रिलो आले, उद्याची वेळ सांगायला. पाद्रीबाबांना पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी त्यांची राकिया बंद केल्यापासून ते प्रवचनात संयमावर फार बोलायला लागले होते आणि बोलताना फार दुःखी दिसायचे. ते दारातच थबकले.

"कसला वास आहे हा?"

"पाव आहे, पाद्रीबाबा," कोसारा म्हणाली आणि रडायलाच लागली. "स्मरणाचा पाव होता. या माणसाने त्याची वाट लावली! आता पुन्हा मळायला पीठ नाही, आणि राकिया तर नाहीच नाही!"

पाद्रीबाबांनी पावाकडे वाकून पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. पावाच्या एका बाजूला मोठा चौकोनी ठसा होता आणि त्यात गरुडाची आकृती.

"हा कुठल्या संताचा शिक्का?"

"ओब्रादच्या पट्ट्याचा," वितोमिर खाली मान घालून म्हणाला.

पाद्रीबाबांनी एक तुकडा मोडला. आतल्या बाजूचा. तोंडात टाकला. डोळे मिटले. त्यांच्या ओठांची हालचाल बघून कोसाराला वाटलं ते प्रार्थना करताहेत. मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला.

"पाद्रीबाबा, डॉक्टरांनी तुम्हाला..."

"डॉक्टरांनी राकिया बंद केलीय," पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले. "पावाबद्दल ते काही बोललेले नाहीत." तिसरा तुकडा मोडून ते पुढे म्हणाले, "हाच आणा उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात गाव जमलं. थडग्यावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर गहू, मेणबत्ती, भाजलेलं कोकरू आणि मधोमध ते पावाचं चाक. ओब्रादने आपल्या दोन बाटल्या आणल्याच होत्या. विजार त्याने दोरीने बांधली होती, कारण पट्टा आगीने आकसला होता आणि बक्कल काळं पडलं होतं. प्रार्थना झाली. लोकांनी पेले पुढे केले. ओब्रादने बूच काढलं आणि वितोमिरकडे पाहिलं.

वितोमिरने बाटलीकडे पाहिलं. मातीकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने स्तामेनासमोर एकही गोष्ट स्वतःच्या मनाने ठरवली नव्हती, आणि ठरवावी असं वाटलंही नव्हतं. त्याने हात पुढे केला आणि ओब्रादच्या बाटलीचं तोंड हलकेच बंद केलं.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "तुला ठाऊक आहे ती काय म्हणायची."

"खुरांचं?" ओब्राद म्हणाला. "ठाऊक आहे. मी एकदा धुवूनही पाहिले. बैल लंगडायला लागला."

वितोमिरने पावाच्या आतल्या बाजूचा एक तुकडा मोडला, बोटांनी चुरला आणि ज्या जागी राकिया ओततात त्या जागी मातीवर टाकला. "देव तुला शांती देवो, स्तामेना," तो म्हणाला. "एवढंच जमलं."

मग पाव सगळ्यांत फिरला.

पहिला घास खाल्ल्यावर सगळ्यांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या घासानंतर लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिसऱ्या घासानंतर म्हाताऱ्या बायका, ज्या स्मरणाला फक्त रडायला येतात, त्यांचे गाल लाल झाले आणि त्या बोलायला लागल्या. एकीने सांगितलं, माझ्या बाळंतपणात स्तामेनाने पहिल्या धारेने माझ्या पाठीला मालिश केलं होतं, तशी पाठ पुन्हा कधी हलकी झाली नाही. दुसरीने सांगितलं, जत्रेतल्या व्यापाऱ्याने पाणी घातलेली राकिया विकायला आणली तेव्हा तिने नुसता वास घेऊन त्याला विचारलं होतं, "विहीर कुणाची?" सगळे हसले. स्मशानात हसले! कोसाराही हसली. जन्मात थेंबाला न शिवलेली कोसारा चौथा तुकडा हातात घेऊन, थडग्याला टेकून म्हणाली, "माझी बहीण होती ती! माझी! सगळ्यांचं नाक तिने एकटीने घेतलं, सटवीने!" आणि मग ती रडली, आणि मग पुन्हा पाव मागायला लागली.

पाद्री गाव्रिलो आकाशाकडे बघत म्हणाले की संयमाचे अनेक प्रकार असतात.

वितोमिर थोडा बाजूला उभा होता. त्याने आपला तुकडा सगळ्यांत शेवटी खाल्ला. आलुबुखार ओढ्याकाठचे होते, आणि त्यांतले काही कच्चेच तोडले होते. त्याला ते कळलं! आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी न सांगता कळलं. त्याने घाईने वळून कुणाला तरी सांगायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं.

ओब्राद शेजारी येऊन उभा राहिला. तोंड भरलेलं होतं.

"वितो, खरं सांगू?"

"सांग."

वितोमिरने छाती थोडी पुढे काढली. माणूसच आहे. कुठेतरी त्याला वाटलं की आता ओब्राद म्हणेल, स्तामेनाचा हात तुझ्या हातात उतरला!

ओब्रादने घास गिळला, विजारीची दोरी घट्ट केली आणि मनापासून म्हणाला, "लाकडं फार छान होती."

त्या दिवसापासून बुकोविकमध्ये कुणाकडे बारसं किंवा लग्न असलं की लोक वितोमिरकडे येतात. कोसाराकडून कणीक आणतात आणि विचारतात, "भट्टीवरचा पाव कधी करणार?" तो हसतो आणि लाकडं फोडायला लागतो.

कोठारात त्या हंगामाचं दुसरं पिंप अजून भरलेलं आहे. त्याचं झाकण वितोमिर कुणाच्याच लग्नाबारशासाठी उघडत नाही. स्तामेनाच्या नावाची राकिया अजून गाळायची राहिली आहे.